काळी घोंगडी, नग एक

केज,
९ जानेवारी २०२५

आदरणीय बंकटमामा आणि भामामामी यांना सोमेश्वरचा नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितो आहे. एक तर मेंढरांमागे रानात मामांचा फोन लागत नाही, आणि दुसरं, फोनवर बोललेलं नंतर कोणी कबूल करत नाही. वडगावच्या जीपवरचे तानाजीराव पत्र पोचवतो म्हणाले. उत्तर त्यांच्याच हाती द्यावं.

तुम्ही दिलेली घोंगडी काल बसवली. संग्रहालयाचं दालन वरच्या मजल्यावर आहे. शिरल्यावर डाव्या हाताला पहिली काचपेटी आपली. पाठीमागून चार स्क्रू मारून ती बंद केली आहे. अजून नांगर, मोट, जाती, पखवाज अशा एकूण एकेचाळीस वस्तू आहेत. उद्घाटन झालं. दालनाला शासनाची मदत मिळाली आहे आणि दर वर्षी वरच्या कार्यालयाची माणसं येऊन सगळं नीट आहे का ते पाहणार आहेत. नीट नसेल तर मदत बंद होईल आणि वस्तू शहरातल्या कोठारात जातील. हे इथल्या समितीचे अध्यक्ष अमरसिंह यांनी भाषणात दोनदा सांगितलं.

घोंगडी देताना मामांनी मला विचारलं होतं, की तिला ऊन कोण दाखवणार. मी अमरसिंहांना विचारलं. ते म्हणाले, "संग्रहालय आहे बे, वाळवण न्हाई." नियमाप्रमाणे वस्तूला हात लावता येत नाही. परिचर म्हणून मलाही नाही. तरी मी रोज सकाळी काच पुसतो आणि आत बघतो. काळजी करू नये.

तुमचा,
सोमेश्वर मासाळ


युसूफ वडगाव शिवार,
१७ जानेवारी २०२५

सोमेश्वरला मोहिनीचा नमस्कार. आबा सांगतायत, मी लिहितेय. जसं बोलतात तसंच लिहिते, शुद्धलेखन काढत बसू नकोस.

"सोमेश्वरा, काळजी करू नको म्हनलास म्हणून आता काळजी वाटायली. घोंगडं कोंडून ठिवलं की कसर लागती. हे आमच्या मेंढराला बी म्हाईत हाय, तुझ्या सायबाला कावून न्हाई? आठ दिसाला उनात टाकावं लागतं, दोघांनी धरून झटकावं लागतं. तिला चिंचोक्याची खळ हाय, किड्याला ती गोड लागती. सायबाला नीट समजून सांग. भांडू नको."

आई मधेच म्हणते, "थंडी वाजती म्हणून काच लावली का तिला?" आणि म्हणते, पाटीवर काय लिहिलंय ते विचार. तू घरी आलतास तेव्हा तिच्यापुढं कागद वाचला होतास ना, लोकर कोणत्या मेंढरांची, सूत कोणी कातलं, कोणत्या साली. तिचं नाव घेतलंस तेव्हा ती उठून चुलीकडं गेली होती. आता रोज विचारते, ते लागलं का. तिचं नाव आजवर राशनकार्ड सोडून कशावर आलं नाही.

मोहिनी देवकते


केज,
२४ फेब्रुवारी २०२५

मामा आणि मामींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. शाळेच्या सहली येत आहेत, त्यात वेळ जातो. घोंगडी ठीक आहे. पाटी लागली आहे. बाकी विशेष काही नाही.

सोमेश्वर


युसूफ वडगाव,
५ मार्च २०२५

सोमेश्वर,

आज आबा नाहीत, मी माझंच लिहितेय.

काल बाजाराला आलतो तेव्हा आम्ही तिघं दालनात वर आलो. तू आम्हाला जिन्यात बघितलंस आणि आत निघून गेलास, हे मी बघितलं. पाणी प्यायला गेलतो म्हणालास. इतका वेळ कोणी पाणी पीत नाही.

पेटीच्या तळाला, घोंगडीच्या खाली, पिठासारखी भुकटी पडलीय. आबांनी काचेला कपाळ लावून बघितलं. जीप वडगावच्या फाट्याला आल्यावर एवढंच म्हणाले, "कसर लागलीया."

पाटी मी वाचली. "धनगरी घोंगडी. काळी. बीड जिल्हा." खाली समितीच्या अध्यक्षांचं नाव. आईनं विचारलं, माझं कुठंय. मी म्हटलं, बारीक अक्षरात आहे. आयुष्यात पहिल्यांदा आईशी खोटं बोलले, ते तुझ्यापायी.

"ठीक आहे" आणि "पाटी लागली आहे" हे तू लिहिलंस. दोन्ही वाक्यं बरोबर लिहिलीस, एक वेलांटी चुकली नाही. लाज वाटली का लिहिताना?

आबा घोंगडी परत आणायला निघालेत. मी कसं तरी थांबवलंय.

मोहिनी


केज,
१८ मार्च २०२५

मोहिनी, हे पत्र मामा आणि मामींना मोठ्याने वाचून दाखव. काही गाळू नकोस.

लाज वाटली होती.

पाटीसाठी मी एक पान लिहून दिलं होतं. मामींनी किती दिवस सूत कातलं, विणकराने किती दिवस विणलं, किनारीला पांढरी दोरी का आहे, सगळं. समितीच्या कार्यालयाने ते कापून तीन ओळी ठेवल्या. नोंदवहीत तर अजून कमी आहे. तिथे घोंगडीसमोर फक्त "घोंगडी, काळी, नग एक" असं आहे. लांबी, रुंदी, किनार, काही नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं, की रकाना लहान आहे.

भुकटी मला ३ फेब्रुवारीला दिसली. त्याच दिवशी अर्ज दिला. दहा तारखेला दुसरा दिला, अठराला तिसरा. तिन्हींच्या पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. उत्तर आलं, की तज्ज्ञ येतील, तोपर्यंत पेटी उघडू नये. तज्ज्ञ आले नाहीत. मी तुम्हाला कळवलं नाही, कारण मला वाटलं ते येतील आणि मग सांगता येईल की आता सगळं ठीक आहे. भित्र्या माणसाची ही रीत असते. तो वाईट बातमी बरी होईपर्यंत दाबून ठेवतो.

मामा, परत न्यायला येऊ नका. नेता येणार नाही. देताना अर्जात दोन चौकटी होत्या, काही काळासाठी आणि कायमची. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "दिल्यावर माघारी कोन मागतं?" आणि अंगठा केलात. ती आता शासनाची आहे.

म्हणून दुसरं केलं आहे. सोमवारी दालन बंद असतं. १० तारखेच्या सोमवारी मी मागचे चार स्क्रू काढले. एक स्क्रू खाली पडला तो शोधायला अर्धा तास गेला. घोंगडी बाहेर गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकली. अकरा जिवंत अळ्या निघाल्या. भोकं सात आहेत, सगळ्यात मोठं चिंचोक्याएवढं. एकट्याला झटकता येईना. खाली रस्त्यावरून एक म्हातारी ओरडली, "अरे, दुसरं टोक कोन धरणार?" आणि वर आली. तिचं नाव चंद्रभागाबाई, चकलांब्याच्या आहेत, मुलीकडे आल्या होत्या. त्यांनी दुसरं टोक धरलं. संध्याकाळी परत पेटीत ठेवली.

काल दुसरा सोमवार. कठड्यावर घोंगडी बघून एसटीतून उतरणारी सतरा माणसं वर आली. सगळ्यांनी हात लावून पाहिली. मी कोणाला अडवलं नाही. बंद दिवशी इतकी माणसं आली, उघड्या दिवशी कधी आली नाहीत. त्यांची नावं मी वेगळ्या वहीत घेतली आहेत.

मामींना सांग, मोठ्या भोकाला रफू करायचं आहे. सूत त्यांच्याच हातचं हवं.

सोमेश्वर


केज,
१० एप्रिल २०२५

मामा,

मामी तीन सोमवार आल्या. सातही भोकं बुजली. बाहेरून कळत नाही. हे त्यांनीच सांगितलं असेल.

आता पुढचं. अमरसिंहांना कोणीतरी कठड्यावरच्या घोंगडीचा फोटो दाखवला. ते सोमवारी वर आले, मामी नुकत्याच गेल्या होत्या. म्हणाले, "सोम्या, शासनाच्या वस्तूचं तू धुणं केलंस बे." मी अर्जांच्या पोचपावत्या दाखवल्या. त्यांनी बघितल्या नाहीत. म्हणाले, "माझ्या वडलांनी, मोहनरावांनी, हे दालन केजला आणायला किती खेटे घातलेत ते तुला म्हाईत न्हाई. तुझ्या किड्यापायी मदत गेली तर?" हे खोटं नाही. मोहनरावांनी खरंच खेटे घातले होते.

काल नोटीस आली. सात दिवसांत खुलासा द्यावा, चूक मान्य करावी, नाहीतर सेवा संपवली जाईल. घोंगडी इथे असुरक्षित असल्याने ती शहरातल्या कोठारात हलवण्यात येईल. २८ तारखेला वरच्या कार्यालयाच्या मॅडम गाडी घेऊन येतील. दालन बंद असतं म्हणून मुद्दाम सोमवार निवडला आहे.

कोठारात काचसुद्धा नसते, मामा. तिथे कोणी बघायला जात नाही.

काय करू ते कळवा.

सोमेश्वर


युसूफ वडगाव शिवार,
१३ एप्रिल २०२५

"सोमेश्वरा, मामाचं ऐक. माफी लिहून दे. घोंगडं गेलं तर गेलं. मेंढरं हायत, लोकर येईल, तुझी मामी दुसरं सूत कातंल. तुला दुसरी नोकरी कोन देनार? अकरावीत शाळा सुटली तवापासून तू कुटं टिकला न्हाईस, हितं टिकलास. तुझी आई माझ्यापाशी रडून गेली. अमरसिंगाच्या पाया पड. त्यात काय झिजत न्हाई."

वरचं आबांचं. आता माझं. आई म्हणते, दुसरं सूत तिच्यानं होणार नाही, बोटं वळत नाहीत, पण हे तुला कळवायचं नाही. आबांनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही, तेही कळवायचं नाही.

मोहिनी


केज,
१६ एप्रिल २०२५

मामा,

तुमचं पत्र पाच वेळा वाचलं. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. आज मोडतो आहे. दिलेल्या खुलाशाची नक्कल खाली लिहितो. पहिला कच्चा लिहिला त्यात चार वेळा "क्षमस्व" होतं. पक्का करताना एकेक काढलं.

"महोदय, मी पेटी उघडली हे खरं आहे. नियम मोडला हेही खरं आहे. चूक केली हे खरं नाही. शासनाने ही वस्तू लोकांना पाहता यावी म्हणून घेतली आणि तिच्यासाठी मदत दिली. कसर लागलेली वस्तू वर्षभरात संपली असती आणि पेटीत फक्त पाटी राहिली असती. घोंगडी कशी टिकवायची हे ती वापरणाऱ्यांना माहीत आहे. मी त्यांना विचारलं. तीन अर्ज देऊन आपणासही विचारलं. २८ एप्रिल हा सोमवार आहे. त्या दिवशीही मी घोंगडी उन्हात टाकणार आहे. आपला विश्वासू, सोमेश्वर मासाळ, परिचर."

खुलासा टपालाच्या पेटीत टाकला. बसस्टँडवर जाऊन बसलो. पण परत काढून घ्यावा असं वाटलं नाही.

आईला मी सांगितलं आहे. ती बोलत नाही.

सोमेश्वर


युसूफ वडगाव,
२० एप्रिल २०२५

सोमेश्वर,

आबांना खुलासा वाचून दाखवला. दोनदा वाच म्हणाले. मग चप्पल घालून तुमच्या भावकीतल्या आप्पाराव मासाळांच्या मेंढवाड्यावर गेले, तिथून पुढं अजून कुठं कुठं गेले. विचारलं तर म्हणतात, मेंढरांचं काम हाय. भाकरी मात्र तीन खाल्ल्या.

२८ ला मी येणार नाही, मेंढरं माझ्यावर टाकलीत. काय होईल ते मला लिही. सगळं लिही, तुझ्या सवयीप्रमाणे.

मोहिनी


केज,
२९ एप्रिल २०२५

मोहिनी,

मामांनी सांगितलंच असेल, पण ते हसत सांगतात आणि मधलं गाळतात. म्हणून क्रमाने लिहितो.

सकाळी नऊला मी स्क्रू काढले आणि घोंगडी कठड्यावर टाकली. साडेनऊला जिन्यात चपलांचा आवाज झाला. मला वाटलं गाडी लवकर आली. पण मामा होते. त्यांच्यामागे आप्पाराव, आणि त्यांच्यामागे अजून बारा माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर काळी घोंगडी. शेवटी मामी, रिकाम्या हाताने. कोणी मला काही विचारलं नाही. मामा म्हणाले, "ऊन बरं हाय आज," आणि खांद्यावरची घोंगडी दालनातल्या घोंगडीशेजारी टाकली. मग सगळ्यांनी टाकल्या. कठडा पुरेना म्हणून जिन्याच्या कठड्यावर टाकल्या. मग आप्पारावांनी दोन-चार उचलून इकडच्या तिकडे केल्या. एकूण पंधरा.

मी मामांना म्हणालो, "हे काय केलं?" ते म्हणाले, "किडे आमच्या बी घोंगड्यात हायत."

अकराला गाडी आली. वरच्या कार्यालयाच्या मॅडमचं नाव वनमाला आहे, वयस्क आहेत, जिना चढून दम लागला होता. सोबत अमरसिंह आणि नोंदवही. अमरसिंहांनी कठड्यावरच्या घोंगड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजल्या. मग मामांना म्हणाले, "बंकटराव, यातली आपली कोणती?"

"समद्या आपल्याच हायत, साहेब."

"सरकारची कोणती ते विचारतोय."

"सरकारची वळख सरकारच्या वहीत आसंल की. बघा."

मॅडमनी वही मागितली. वाचलं. "घोंगडी, काळी, नग एक." त्यांनी पान उलटून मागे काही आहे का ते बघितलं. मागे पखवाज होता. "एवढंच?" म्हणाल्या. अमरसिंह म्हणाले, "रकाना लहान आहे." मामी लगेच म्हणाल्या, "रकाना न्हाई ओ लहान, दुसरंच कायतरी लहान हाय." आप्पाराव खोकायला लागले.

मग अमरसिंह माझ्याकडे वळले. "सोम्या, तूच बसवली, तूच काढली. दाखव."

मोहिनी, आता जे लिहितो ते मामांनी सांगितलं नसेल. मला ती कुठे आहे हे माहीत होतं. आप्पारावांनी हलवली तेव्हा माझी नजर तिच्यामागे गेली होती. डावीकडून सहावी. "मला ओळखू येत नाही" असं म्हटलं असतं तर सुटलो असतो, आणि सगळे मी तेच म्हणावं म्हणून माझ्याकडे बघत होते. पण ते खोटं झालं असतं, आणि तुझ्या पाच मार्चच्या पत्रानंतर मी ठरवलं होतं की घोंगडीबाबत पुन्हा खोटं बोलायचं नाही. मी म्हणालो, "मला माहीत आहे. मी सांगणार नाही."

"काय म्हनलास बे?"

"सांगितलं तर तुम्ही नेणार. म्हणून सांगणार नाही. असंच लिहून हवं असेल तर लिहून देतो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, प्रत्येक घोंगडीला हात लावला. सहावीपाशी थांबल्या का? थोड्या थांबल्या असं मला वाटलं. आठवीपाशीही थांबल्या. मग वहीत त्यांनी लिहिलं, "नोंदीवरून वस्तूची ओळख पटत नाही," आणि सही केली. गाडी रिकामी गेली.

ऊन उतरल्यावर चौदा माणसांनी चौदा घोंगड्या खांद्यावर टाकल्या. पंधरावी मामींनी घेतली. त्या जिना उतरताना एकदाही मागे वळल्या नाहीत.

ही चोरी आहे का, हे मी काल रात्रभर स्वतःला विचारत होतो. वस्तू शासनाची आहे, हे मी नाकारत नाही. पण शासनाने ती जिवंत ठेवायला घेतली होती. ज्या दिवशी ठेवतील त्या दिवशी ती परत पेटीत येईल. तोपर्यंत ती सांभाळायला दिली आहे, असं मी माझ्या वहीत लिहिलं आहे, तारीख घालून.

माझी सेवा आजपासून संपली. पत्र दुपारी मिळालं. त्यात माझ्या नावाची एक मात्रा चुकली आहे. मी दुरुस्त करायला सांगितली नाही.

सोमेश्वर


केज,
१२ जून २०२५

मामा आणि मामींना नमस्कार.

महिनाभर मी बियाण्यांच्या दुकानात पोती उचलतो आहे. पाठ दुखते, पण आई बोलायला लागली आहे.

काल अमरसिंह दुकानात आले. मालक उठून उभे राहिले. अमरसिंह त्यांच्याकडे न बघता माझ्याजवळ पोत्यावर बसले. दालनाच्या पुढच्या वर्षीच्या मदतीसाठी प्रत्येक वस्तूचा पेटीतला फोटो पाठवायचा आहे. चाळीस वस्तूंचे पाठवले. उरलेली एक, आपली पहिली पेटी, रिकामी. ती भरली नाही तर मदत थांबणार. दुसरी घोंगडी ठेवून फोटो काढता आला असता, पण या वेळी तपासायला वनमाला मॅडमच येणार आहेत आणि त्यांनी त्या दिवशी पंधराही घोंगड्यांवरून हात फिरवला आहे. हे अमरसिंहांनी स्वतःच सांगितलं.

म्हणाले, "नोकरी परत देतो. घोंगडी आणून दे."

मी म्हणालो, "नोकरीचं नंतर बघू. आधी कागद." मामा, मी असं म्हणालो.

कागदाचा मजकूर मी सांगितला, त्यांनी लिहून घेतला. तीन वेळा खाडाखोड झाली, तीन वेळा परत लिहायला लावला. आज समितीच्या शिक्क्यासह मिळाला. असा आहे:

"दालनातील काळी घोंगडी दर सोमवारी पेटीतून काढून उन्हात टाकावी व झटकावी. त्या दिवशी दालन उघडे राहील आणि येणाऱ्यांना वस्तूस हात लावण्यास मनाई नाही. निगा राखण्यास देवकते कुटुंबातील व्यक्तीस कधीही प्रवेश द्यावा. वस्तू केजबाहेर हलवू नये. पाटीवरील मजकूर पुढीलप्रमाणे: सूत कातणाऱ्या, भामाबाई बंकट देवकते, युसूफ वडगाव."

पाटीवर अध्यक्षांचं नाव नाही. ते काढा असं मी म्हटलं नव्हतं. जागा पुरली नाही.

तेव्हा सोमवारी घोंगडी घेऊन या. मामींना पुढे चालू द्या. दारात कोणी काही विचारलं तर सोबतची नक्कल दाखवा, मूळ कागद माझ्याजवळ आहे.

शिक्का मारून झाल्यावर अमरसिंहांनी पेन खिशाला लावलं, दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणाले, "आता तरी सांग सोम्या. त्या दिवशी कठड्यावर कितवी होती?"

मी कागदाची घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणालो, "ते यात लिहिलेलं नाही."

तुमचा,
सोमेश्वर